जोडचित्रांतली दिल्ली

जानेवारी १९०३ मध्ये लॉर्ड कर्झनने दिल्लीच्या उत्तरेकडच्या माळावर दरबार भरवला आणि अंडरवुड अँड अंडरवुड या अमेरिकन कंपनीने त्याची स्टिरिओ चित्रे विकली. एका पुठ्ठ्यावर शेजारी शेजारी दोन फोटो, जवळजवळच्या दोन भिंगांतून एकाच क्षणी टिपलेले. स्टिरिओस्कोपला डोळे लावले की हत्ती, अंबारी आणि मागची गर्दी एकमेकांपासून सुटून उभी राहतात. आपण हा प्रकार करमणुकीत जमा करतो. माझ्या मते ती मोजमापाची वही आहे. अंतर काढायचे गणित जुनेच, सर्व्हे ऑफ इंडियाच्या त्रिकोणमापनातले: आधाररेषा आणि कोन हाती असले की अंतर निघते. खरी मेहनत जुळणीची. डाव्या फोटोतला हा ठिपका उजव्यात कुठला? मेंदू हे काम नकळत करतो, म्हणून ते काम आहे हेच फार काळ ध्यानात आले नाही. १९६० मध्ये बेला युलेश यांनी दाखवले की निव्वळ विस्कटलेल्या ठिपक्यांच्या जोडीतूनही खोली दिसते. १९७६ मध्ये डेव्हिड मार आणि तोमासो पोज्जो यांनी ही जुळणी संगणकाने कशी करावी ते मांडले. कुतुबमिनारवरच्या कोरीव अक्षरपट्ट्यांत संगणकाला खुणाच खुणा सापडतात. शेजारच्या लोहस्तंभाच्या गुळगुळीत अंगावरची चकाकी मात्र पाहणाऱ्याबरोबर सरकते आणि जुळणी फसते.

भिंगे इतकी जवळ असताना मोजणार काय, असे कुणी म्हणेल. समजा भिंगांमध्ये ८ सेंमी अंतर आहे आणि नाभीय अंतर १५ सेंमी. १०० मीटरवरची वस्तू दोन प्रतिमांत जेमतेम ०.१२ मिमी सरकते, तेव्हा दूरच्या मिनाराच्या खाचा यातून मिळणार नाहीत, हे कबूल. पण १० मीटरवर सरक १.२ मिमी होते. तिथे अर्ध्या मीटरच्या उठावाने पडणारा सुमारे ०.०६ मिमीचा फरक चांगला स्कॅनर टिपतो. लेसरने याहून नेमके मोजता येते, पण उभ्या असलेल्या वास्तूंचेच. दरबारासाठी बांधलेले तात्पुरते प्रेक्षागार आज नाही. लेसर धरायचा कशावर? एकाच फोटोवरून खोली सांगणाऱ्या आजच्या प्रणाली पूर्वी पाहिलेल्या असंख्य चित्रांच्या आधारे अंदाज बांधतात. जोडचित्रात त्या जागेचा, त्या क्षणाचा पुरावा असतो. म्हणून संग्रहालयांना आणि संग्राहकांना कळकळीची विनंती: असा पुठ्ठा स्कॅन कराल तेव्हा एकच फोटो ठेवून दुसरा कापू नका; दोन्ही घ्या, कडांसकट.