वियोगापूर्वीचा शोक

‘शुभ बोल रे नाऱ्या, तर म्हणे मांडवाला आग लागली’ ही म्हण आपण सर्वांनी लहानपणी ऐकली आहे. घडावयाच्या संकटाचे नाव काढू नये, हा आमच्या घराघरांतला दंडक. असे असूनही ज्या समाजाने ही म्हण रचली त्याच समाजाने व्हावयाच्या वियोगाचे अश्रू आधीच ढाळण्याची रीतसर सोय करून ठेवली आहे. या विसंगतीचा इतिहास पाहावा, एवढाच आजचा हेतू.

येथून फार दूर जावयास नको. या कळंबात चक्रवतीच्या काठी पायऱ्या उतरून आपण चिंतामणीचे दर्शन घेतो. तो कोठे जात नाही. आपण त्याच्याकडे जातो. परंतु भाद्रपदात घरी येणारा मातीचा गणपती येतानाच जाण्याचा दिवस घेऊन येतो. उत्तरपूजा करावयाची, मूर्ती जागची किंचित हलवावयाची, पुन्हा यावा म्हणून हातावर दही ठेवावयाचे. महालक्ष्म्यांचेही तेच. लहान मुलाला निरोपाचा पहिला धडा मिळतो तो येथे. आपल्या आयाआज्यांनी जात्यावर ओव्या म्हटल्या त्यांतही मांडीवरच्या लेकीच्या सासरी जाण्याचे दुःख कितीदा तरी आले आहे!

शास्त्रकारांनी याहून कठोर विधी सांगितले. ज्याला आपल्या मागे कोणी करील की नाही अशी शंका असेल त्याने जिवंतपणीच स्वतःचे श्राद्ध करावे, याला जीवच्छ्राद्ध म्हणतात. लिंगपुराणात त्याचे वर्णन आहे आणि महामहोपाध्याय पां. वा. काणे यांनी धर्मशास्त्राच्या इतिहासाच्या 1953 साली निघालेल्या चौथ्या खंडात त्याचा परामर्श घेतला आहे. संन्यास घेणाराही आठ श्राद्धे करतो. त्यांतले शेवटचे स्वतःचे. मग तो घराला मेला, घर त्याला मेले. पुढे देह पडला तरी त्याचे नेहमीचे अंत्यसंस्कार होत नाहीत, कारण ते कार्य उरकलेले असते.

आता एक गोष्ट ध्यानात घ्यावी. परंपरा सांगते की, विठ्ठलपंत काशीस असा संन्यास घेऊन गुर्वाज्ञेने आळंदीस परतले. माणूस परत आला, पण त्याचे श्राद्ध काही परत घेता येईना. गावाने त्यांना वाळीत टाकले आणि त्यांच्या चार लेकरांना ‘संन्याशाची पोरे’ म्हणून हिणवले. आधी उरकलेला शोक जित्या माणसाला कसा गिळतो, याचे याहून दारुण उदाहरण आम्हांस ठाऊक नाही.

आणि नियतीचा खेळ असा की, व्हावयाच्या वियोगाचा मराठीतला सर्वांत कोवळा शोकही याच घरातला आहे. शके 1218, म्हणजे इ. स. 1296, कार्तिक वद्य त्रयोदशीस ज्ञानदेवांनी आळंदीस समाधी घेतली. वय अवघे एकवीस. नामदेवांच्या नावावरील समाधीच्या अभंगांत हा सारा सोहळा आहे: एकादशीचा जागर, द्वादशीचे पारणे, त्रयोदशीचा निरोप. नामदेवांची मुले समाधीची जागा झाडतात, आणि निवृत्तिनाथ आपल्या शिष्याला, पाठच्या भावाला, हात धरून आत नेतात. हे सर्वच अभंग नामदेवांचे की काय, यावर अभ्यासकांचे एकमत नाही. ते असो. महत्त्वाचे हे की, ज्याच्यासाठी रडावयाचे तो समोर बसलेला आहे. त्याच्याशी बोलता येते, त्याला जेवू घालता येते. येथे शोक माणसाला दूर लोटत नाही, उलट जवळ ओढतो. नामदेवांच्या वंशातील नामदास घराण्याचे कीर्तन आजही त्या तिथीला आळंदीस होते. सात शतके उलटली, तरी समाधीची घटिका येण्याआधीच श्रोत्यांचे डोळे भरतात.

ही वृत्ती केवळ आमचीच नव्हे. इंग्रज कवी जॉन डन याने 1631 साली मरणापूर्वी कफन पांघरून स्वतःचे चित्र काढविले; त्यावरून घडलेला पुतळा लंडनच्या सेंट पॉल मंदिरात आहे. 2019 साली आइसलंडमध्ये ओक नावाच्या वितळून गेलेल्या हिमनदीच्या जागी भावी पिढ्यांना उद्देशून स्मृतिफलक बसविला गेला. त्यात गेलेल्या एकीचे दुःख आहे आणि जाणाऱ्या बाकीच्या हिमनद्यांचेही.

येथे मात्र थांबून विचार करावयास हवा. समाधी अटळ होती; ज्ञानदेवांचा निश्चय झाला होता. पण प्रत्येक हानी अशी असते काय? मुळशीच्या धरणात गावे बुडणार हे दिसत असता मावळातले शेतकरी त्यांचे श्राद्ध घालीत बसले नाहीत. 16 एप्रिल 1921 रोजी, रामनवमीस, त्यांनी सत्याग्रह मांडला. सेनापती बापट त्यांचे पुढारी झाले. शेवटी गावे बुडालीच. तरीही ती बुडण्याआधी मेलेली नव्हती, हे त्या लोकांचे श्रेय आहे.

तेव्हा आम्हांस वाटते ते इतकेच. जे जाणारच, त्याला नामदेवांसारखा निरोप द्यावा: जवळ बसून, जेवू घालून. जे राखता येण्याजोगे आहे, मग ती आपली नदी असो, रान असो की कर्जाने वाकलेला शेजारी असो, त्याचे जीवच्छ्राद्ध आपण घालू नये. विठ्ठलपंतांच्या दारावरून गाव मुकाट्याने गेले होते. आपण दार ठोठवावे.