पेशींची प्रतवारी आणि आयुष्याचा अंदाज

गाठ किती मोठी, हे डोळ्यांना दिसते. ती किती उग्र, हे दिसत नाही. पेशी पाहून उग्रतेच्या चार प्रती लावण्याची रीत अमेरिकेत ब्रॉडर्स यांनी १९२० साली ओठाच्या कर्करोगापासून घातली. १९३२ साली ती मूत्रपिंडाच्या कर्करोगालाही लावली गेली. आपल्याकडे १९४१ साली मुंबईस टाटा रुग्णालय उघडले; डॉ. वसंत रामजी खानोलकरांनी तेथील प्रयोगशाळा उभारली आणि सूक्ष्मदर्शकाच्या साक्षीला भक्कम घर मिळाले.

१९८२ साली सूझन फुरमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी मूत्रपिंडाच्या कर्करोगाचे १०३ रुग्ण अभ्यासले. शस्त्रक्रियेनंतर रोग दूर पसरेल काय, याचा अंदाज गाठीच्या आकारापेक्षाही पेशीकेंद्राच्या रूपावरून चांगला बांधता येतो, असे त्यांना आढळले. २०१६ साली जागतिक आरोग्य संघटनेने नवी प्रतवारी स्वीकारली. तीत पहिल्या तीन प्रती केंद्रातील कणिका किती ठळक दिसते यावरून ठरतात.

आम्हां नाशिककरांना पत्रिकेचे नवल नाही. परंतु प्रत म्हणजे पत्रिका नव्हे. ती शंभरांचा कल सांगते, एकाचे भवितव्य नव्हे. म्हणून आकडा ऐकताच धीर सोडू नये. पुढची तपासणी कोणती व केव्हा, हे डॉक्टरांना विचारावे. प्रतवारीचा खरा उपयोग तोच होय.