सातवं पाऊल कुठे नोंदवलंय?

१४ मार्च १९१३. दक्षिण आफ्रिकेतल्या केप प्रांताच्या सुप्रीम कोर्टात न्यायमूर्ती सर्ल यांच्यापुढे प्रश्न होता: बाई मरियम ही हसन इसपची बायको आहे का? हसन तिकडेच राहणारा. त्याने भारतात येऊन लग्न केलं आणि बायकोला तिकडे नेलं, तर तिला देशात घ्यायला नकार मिळाला. लग्न झालंय, याबद्दल वाद नव्हता. पण ज्या धर्मात एकाहून जास्त बायका करता येतात, त्या धर्माच्या रीतीने लागलेलं लग्न इथला कायदा लग्न मानत नाही, असं कोर्टाने म्हटलं. मरियम बायको नाही, म्हणून प्रवेशही नाही.

तेव्हा हिंदूंनाही दुसरी बायको करायची मुभा होती. म्हणजे तिथल्या बहुतेक भारतीय बायका या एका निकालाने कागदोपत्री अविवाहित झाल्या. कस्तुरबासुद्धा. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये त्या सत्याग्रहात उतरल्या आणि तीन महिने सक्तमजुरीवर गेल्या. आपल्या शाळेच्या पुस्तकांत हा लढा बहुतेक गांधींचा असतो. बायकांना तुरुंगापर्यंत नेणारं एक मोठं कारण हा निकाल होता, हे मला पंचविशी उलटल्यावर कळलं. पुढे १९१४च्या इंडियन्स रिलीफ ॲक्टने एका नवऱ्यामागे एक बायको मान्य केली.

साताऱ्याकडच्या माणसांना असल्या काउंटरची ओळख त्याही आधीची. एकोणिसाव्या शतकात रत्नागिरी, सातारा, कोल्हापूर भागातली माणसं मुंबई बंदरातून गिरमिटावर मॉरिशसच्या उसाच्या मळ्यांत गेली. पोर्ट लुईला उतरल्यावर आजच्या आप्रवासी घाटाच्या सोळा पायऱ्या चढायच्या, मग प्रत्येकाच्या नावापुढे एक नंबर पडायचा. तिकडच्या नोंदींमध्ये बापाचं नाव पुढच्या पिढीचं आडनाव होऊन बसलं. आणि धर्माच्या रीतीने लागलेलं लग्न सरकारी नोंद केल्याशिवाय कायद्यात धरलं जात नसे. घरात बायको, रजिस्टरमध्ये कुणीच नाही.

मी हे सगळं वाचायला लागलो ते आत्येबहिणीच्या फाइलमुळे. ती कराडची. नवरा मूळ सांगलीचा, पण जन्म अमेरिकेतला, म्हणून तिकडचा नागरिक. घरातला इंजिनिअर म्हणजे फुकटात फॉर्म भरणारा माणूस, तेव्हा फाइल माझ्याकडे आली.

लग्न सांगलीत झालं, हजारभर माणूस जेवून गेलं. हिंदू विवाह कायदा, १९५५, कलम ७ सांगतं की सप्तपदी असेल तर सातवं पाऊल पडताच लग्न पूर्ण होतं. पण ते पाऊल कुठल्या डेटाबेसमध्ये जात नाही. त्यासाठी वेगळी नोंदणी, वेगळा फॉर्म, तीन साक्षीदारांच्या सह्या. आमच्या आजी-आजोबांच्या लग्नाचा कागद कुणी शोधलाही नसेल. लग्नाची नोंद सक्तीची करा, असं सुप्रीम कोर्टाने राज्यांना सांगितलं ते २००६ साली, तेही १४ फेब्रुवारीला.

खरी डोकेदुखी नावाची. आपल्याकडे लग्नानंतर बाईचं नुसतं आडनाव बदलत नाही, मधलं नावही बदलतं. दहावीच्या मार्कशीटवर मधे वडील, आधारवर मधे नवरा, पासपोर्टवर आणखी तिसरंच काहीतरी. प्रोग्रॅमरच्या भाषेत सांगायचं तर रेकॉर्ड तोच, पण प्रायमरी कीच बदललेली. मग ही सगळी एकच बाई आहे, हे सिद्ध करायला आणखी कागद. शिवाय दोघांचे फोटो. अल्बममध्ये फक्त दोघंच असलेला फोटो सापडेना, प्रत्येकात कुणीतरी मामा उभा.

हसू येतं, पण पुरावा मागणाऱ्यांनी काय काय केलंय तेही माहीत असावं. जानेवारी १९७९मध्ये लंडनच्या हीथ्रो विमानतळावर लग्नासाठी आलेल्या एका भारतीय शिक्षिकेची ‘कौमार्य तपासणी’ झाली. ती खरंच अविवाहित आहे की नाही, हे म्हणे तपासायचं होतं. बातमी फुटल्यावर हा प्रकार बंद करावा लागला. पुढे जुन्या सरकारी फाइली उघडल्या तेव्हा कळलं की अशा किमान ८० बायका होत्या, आणि बऱ्याच जणींची तपासणी भारतातल्याच ब्रिटिश कचेऱ्यांमध्ये झाली होती.

अमेरिकेचा संशय जास्त सभ्य आहे, तो तारखा मोजतो. ग्रीन कार्डासाठी खोटी लग्नं होतात म्हणून १९८६ साली तिथे कायदा आला. ज्या दिवशी तुम्ही विमानतळावरून आत जाता, त्या दिवशी लग्नाला दोन वर्षं झालेली नसतील, तर कार्ड दोनच वर्षांचं. ते संपण्याआधी दोघांनी मिळून पुन्हा अर्ज करायचा, अजून नवरा-बायको आहोत म्हणून. दोन वर्षं झालेली असतील, तर सरळ दहा वर्षांचं कार्ड. दिवस मोजायचा तो प्रवेशाचा, व्हिसा छापल्याचा नव्हे.

बहिणीच्या हातात व्हिसा आला तेव्हा दुसऱ्या वाढदिवसाला अकरा दिवस बाकी होते. जावई न्यायला आलेले, तिकिटं काढलेली. आत्याने पंचांगात प्रस्थानाचा चांगला दिवस बघून ठेवला होता. मी १९८६चा कायदा सांगितला. बरीच चर्चा झाली. शेवटी आत्या म्हणाली, “दोन वर्षं थांबलीच आहे, दोन आठवड्यांनी काय होतंय?”

पुढचं तिने फोनवर सांगितलं. काउंटरवरच्या अधिकाऱ्याने लग्नाची तारीख पाहिली, हिशेब केला आणि व्हिसावरच्या ‘सीआर’च्या जागी ‘आयआर’ लिहिलं. मग शिक्का मारता मारता दोघांना विचारलं, वाढदिवस कसा साजरा केलात?

“तिकीट पुढे ढकलून,” जावई म्हणाले.