बंधुमंडळें आणि परीक्षेचे गुण

इ. स. १७७६ च्या डिसेंबर महिन्याची ५ तारीख. अमेरिकेनें स्वातंत्र्याचा जाहीरनामा काढून पांच महिने लोटले होते आणि इंग्रजांशीं युद्ध चालूं होतें. अशा धामधुमींत व्हर्जिनियांतील विल्यम्सबर्ग गांवीं ‘विल्यम अँड मेरी’ या जुन्या कॉलेजाचे पांच विद्यार्थी एकत्र आले आणि त्यांनीं एक गुप्त मंडळ स्थापन केलें. मंडळाला त्यांनीं तीन ग्रीक अक्षरांचें नांव दिलें: फाय बीटा कॅप्पा. ज्या ग्रीक वचनाचीं हीं आद्याक्षरें, त्याचा भावार्थ ‘ज्ञानाचें प्रेम हाच जीवननौकेचा कर्णधार’ असा आहे. सभासदानें गुप्ततेची शपथ घ्यावी, ठराविक पद्धतीनें हस्तांदोलन करावें, मंडळाचें पदक धारण करावें, आणि सभेंत निबंध वाचावा किंवा नेमलेल्या विषयावर वाद करावा, असा त्यांचा रिवाज होता.

आज अमेरिकेंतील विद्यापीठांतून जीं ‘फ्रॅटर्निटी’ म्हणजे बंधुमंडळें आणि ‘सॉरॉरिटी’ म्हणजे भगिनीमंडळें आढळतात, त्यांच्या वंशवृक्षाचें मूळ असें विद्याव्यासंगांत आहे. आणि तरीहि या मंडळांविरुद्ध जे आरोप पिढ्यान् पिढ्या होत आले, त्यांतील एक आरोप हाच कीं, मंडळांत शिरलेला विद्यार्थी अभ्यासांतून उठतो. ज्या झाडाचें बीज विद्येचें, त्याच्या सावलींत विद्या कां सुकावी? आणि ती खरोखरच सुकते काय?

मूळ मंडळाचे पुढें दोन फांटे झाले. विल्यम्सबर्गची पहिली शाखा १७८१ सालीं युद्धाच्या धुमाळींत बंद पडली. परंतु तत्पूर्वीं तिनें येल व हार्वर्ड येथें शाखा काढण्याच्या सनदा दिल्या होत्या. हार्वर्डच्या शाखेनें १८३१ सालीं गुप्तता सोडून दिली. हळूहळू फाय बीटा कॅप्पा हें उत्तम गुण मिळविणाऱ्या विद्यार्थ्यांचा गौरव करणारें मंडळ बनलें आणि १८७५ सालीं व्हर्मॉंट विद्यापीठांतील शाखेनें स्त्रियांनाहि सभासद करून घेतलें. अभ्यास होता तो या फांट्याकडे गेला.

दुसरा फांटा न्यूयॉर्क राज्यांतील स्केनेक्टडी गांवच्या युनियन कॉलेजांत फुटला. तेथें १८२५ सालीं कॅप्पा अल्फा आणि १८२७ सालीं सिग्मा फाय व डेल्टा फाय हीं मंडळें निघालीं. शपथ, गुप्तता आणि ग्रीक अक्षरें त्यांनीं जुन्या मंडळाप्रमाणेंच घेतलीं; भर मात्र स्नेहावर दिला. त्या काळचें कॉलेज म्हणजे पाठांतर, प्रार्थना आणि कडक शिस्त. तरुणांना मन मोकळें करण्यास जागा नव्हती. ती या मंडळांनीं दिली. पुढें कॉलेजें वाढलीं, राहण्याची सोय अपुरी पडूं लागली, तेव्हां मंडळांनीं स्वतःचीं घरें घेतलीं व बांधलीं. तेथें सभासद राहूं-जेवूं लागले. आठवड्याच्या सभेपुरतें असलेलें मंडळ आतां विद्यार्थ्याचें घर झालें. आणि घर झाल्यामुळें त्याचें उठणें, जेवणें, झोपणें आणि वाचणें हें सारें मंडळाच्या हातीं आलें.

मुलींच्या मंडळांचा जन्म निराळ्या गरजेंतून झाला. इंडियाना राज्यांत ग्रीनकॅसल येथील कॉलेजानें १८६७ सालीं मुलींना प्रवेश दिला. मुलांच्या मंडळांचीं दारें त्यांना बंद होतीं. तेव्हां १८७० च्या जानेवारींत चार विद्यार्थिनींनीं कॅप्पा अल्फा थीटा हें आपलें स्वतंत्र मंडळ काढलें. ‘सॉरॉरिटी’ हा शब्द तर त्याहूनहि नंतरचा. सिरॅक्यूज येथील लॅटिनचे प्राध्यापक फ्रँक स्मॉली यांनीं १८८२ सालीं भगिनी या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून तो सुचविला. स्त्रीच्या बुद्धीला उच्च शिक्षण झेपेल कीं नाहीं याचीच जेथें शंका घेतली जाई, तेथें वर्गांत मूठभर असलेल्या या मुलींना एकमेकींचा आधार ही चैन नव्हती.

मंडळें फोफावलीं तशी त्यांच्याविरुद्ध ओरडहि वाढली. इंडियानांतील पर्ड्यू विद्यापीठाचे अध्यक्ष इमर्सन व्हाइट यांनीं प्रवेश घेणाऱ्या प्रत्येकाकडून मंडळांशीं संबंध न ठेवण्याचें वचन मागितलें. प्रकरण राज्याच्या सर्वोच्च न्यायालयांत गेलें. विद्यार्थ्यांच्या वर्तनाचे नियम विद्यापीठ करूं शकतें, परंतु असें वचन ही प्रवेशाची अट होऊं शकत नाहीं, असा निर्णय १८८२ सालीं झाला. मिसिसिपी राज्यानें याच्याहि पुढें जाऊन १९१२ सालीं कायद्यानेंच आपल्या सरकारी शिक्षणसंस्थांतून हीं मंडळें बंद केलीं. एका विद्यार्थ्यानें दाद मागितली. आपलें मंडळ नीतिमत्तेला आणि विद्येला उत्तेजनच देतें, असें त्याचें म्हणणें होतें. १९१५ सालीं अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टानें निकाल दिला तो राज्याच्या बाजूनें. मंडळामुळें विद्यार्थ्याचें लक्ष दुभंगतें व अभ्यासांतील एकाग्रता ढळते, असें राज्याला वाटल्यास तसें ठरविण्याचा त्याला अधिकार आहे, असा त्या निकालाचा आशय होता. न्यायालयानें अधिकाराचा प्रश्न सोडविला. लक्ष खरोखर दुभंगतें कीं नाहीं, हा प्रश्न राहिलाच. पुढें मिसिसिपींत हीं मंडळें परत आलीं.

आरोपाला उत्तर देणें मंडळांना भाग होतें. भगिनीमंडळांची अखिल अमेरिकन परिषद १९०२ सालीं आणि बंधुमंडळांची १९०९ सालीं स्थापन झाली. विद्यापीठांनीं मंडळवार गुणांची सरासरी काढून प्रसिद्ध करण्यास आरंभ केला. कोणतें घर पहिलें आलें, कोणतें तळाशीं गेलें, याची चुरस लागली. मागें पडलेल्या सभासदांना सक्तीनें वाचनास बसविण्याचे नियम कित्येक घरांनीं केले. ही प्रथा आजहि चालूं आहे. आणि पुष्कळ ठिकाणीं मंडळांची सरासरी इतर विद्यार्थ्यांपेक्षां वरचढ दिसते. तीच पुढें करून, आमच्या घरांत अभ्यास बुडत नाहीं, असें मंडळें अभिमानानें सांगतात.

आंकडा खरा असतो. पण तो बोलतो तें सगळें खरें असतेंच असें नाहीं. ज्या शाळेंत प्रवेशाच्या वेळींच कच्चीं मुलें वगळलीं जातात, त्या शाळेचा निकाल चांगला लागला, तर श्रेय शिक्षकाचें कीं चाळणीचें? अनेक विद्यापीठांत ठराविक गुण असल्याखेरीज मंडळांत प्रवेशच मिळत नाहीं. शिवाय मंडळाची वर्गणी व घराचा खर्च परवडणारा विद्यार्थी बहुधा सुखवस्तु घरांतला असतो. अशा निवडलेल्या मुलांची सरासरी सर्वांच्या सरासरीशीं ताडून पाहणें म्हणजे पाखडलेलें धान्य खळ्यांतल्या राशीशीं तोलण्यासारखें आहे. विचारावयाचा प्रश्न निराळाच आहे: हाच विद्यार्थी मंडळांत गेला नसता, तर त्याला किती गुण मिळाले असते?

या प्रश्नाचा माग संशोधकांनीं अलीकडे चिकाटीनें काढला आहे. अर्नेस्ट पास्करेला व त्यांच्या सहकाऱ्यांनीं १८ कॉलेजांतील विद्यार्थ्यांची पाहणी करून १९९६ सालीं निष्कर्ष मांडले. विद्यार्थी कॉलेजांत आला तेव्हांची त्याची तयारी हिशेबांत धरूनहि, पहिल्या वर्षाच्या अखेरीस बंधुमंडळांतील मुलगे वाचन, गणित व चिकित्सक विचार यांत इतरांच्या मागें पडलेले दिसले. मुलींच्या बाबतींत हा तोटा कमी होता. २०१८ सालीं मारा, डेव्हिस आणि श्मिट या तिघांनीं ईशान्येकडील एका लहान कॉलेजासंबंधीं निबंध प्रसिद्ध केला. चार गुणांच्या मापावर बंधुमंडळामुळें सुमारें ०.२५ गुणाची घट होते, असें त्यांना आढळलें. मात्र पुढील आयुष्यांतील उत्पन्न सुमारें ३६ टक्क्यांनीं वाढतें, असाहि त्यांचा अंदाज होता. गुण गेले तरी ओळखी मिळाल्या, असा हा सौदा झाला.

पण हा सौदा सर्वत्र पटत नाहीं. ईव्हन आणि स्मिथ यांनीं एका मोठ्या सार्वजनिक विद्यापीठांतील दहाहून अधिक वर्षांचे दाखले तपासून २०२२ सालीं आपला निबंध प्रसिद्ध केला. त्यांची युक्ति साधी होती. प्रवेशासाठीं लागणाऱ्या किमान गुणांच्या रेषेवर जेमतेम पोंचलेले आणि जेमतेम चुकलेले विद्यार्थी त्यांनीं शेजारीं ठेवले. बुद्धीनें हे दोघे जवळजवळ सारखेच. फरक इतकाच कीं, एकाला दार उघडें होतें, दुसऱ्याला बंद. तेथेंहि मंडळांतील विद्यार्थ्यांचे गुण घसरलेले आढळले. आणि पुढील उत्पन्नांत कांहीं वाढ झाल्याचा पुरावा मात्र मिळाला नाहीं. जो बाप मुलाचे चार गुण गेले तरी पुढें नोकरीला ओळख उपयोगीं पडेल या भरंवशावर वर्गणी भरतो, त्यानें हे दोन्ही निबंध शेजारीं ठेवून पाहावे.

घट कशानें होते, हें समजण्यास फारसें गूढ नाहीं. नव्या उमेदवाराला सभासद होण्यापूर्वीं कांहीं आठवडे मंडळाची सेवा करावी लागते, मंडळाचा इतिहास पाठ करावा लागतो, सभांना व मेजवान्यांना हजर राहावें लागतें. कित्येक घरांत तर बंदी असूनहि त्याचा रात्रीं-अपरात्रीं छळ होतो. घरांत जपून ठेवलेल्या जुन्या प्रश्नपत्रिका उत्तरें पुरवितील, पण समज पुरविणार नाहींत.

तथापि १९९६ च्या त्याच पाहणींत एक अपवाद होता. गोऱ्या मुलांना मंडळांत तोटा झाला. परंतु गौरेतर मुलांना थोडा लाभच झालेला दिसला. याचा अर्थ लावण्यास इथाका गांवच्या कॉर्नेल विद्यापीठाचा इतिहास उपयोगी पडतो. तेथें १९०४-०५ सालांतील सहा कृष्णवर्णीय विद्यार्थी पुढील वर्षीं परतलेच नाहींत. गोऱ्यांच्या घरांत त्यांना थारा नव्हता. एकटेपणा आणि तुटक वागणूक मात्र भरपूर होती. जे मागें राहिले, ते अभ्यासासाठीं व परस्परांच्या आधारासाठीं एकत्र जमूं लागले. हें वाङ्मयीन मंडळच ठेवावें कीं बंधुमंडळ करावें, यावर त्यांच्यांत मतभेदहि झाले. अखेर ४ डिसेंबर १९०६ रोजीं सात जणांनीं अल्फा फाय अल्फा हें बंधुमंडळ स्थापिलें. मार्टिन ल्यूथर किंग हे पुढें याच मंडळाचे सभासद झाले. येथें प्रश्न चार गुण अधिक कीं उणे असा नव्हता. विद्यार्थी विद्यापीठांत टिकेल कीं घरीं परतेल, हा होता. आणि १८२५ नंतर जे दोन फांटे दूर गेले होते, ते या लहानशा मंडळांत पुन्हां एकत्र आले.

ढवळ्याशेजारीं बांधला पवळ्या, वाण नाहीं पण गुण लागला, अशी आपल्याकडे म्हण आहे. बंधुत्व हें स्वभावतः विद्येचें मित्रहि नव्हे आणि शत्रुहि नव्हे. विल्यम्सबर्गच्या पांच जणांनीं एकमेकांकडून निबंध मागितला, इथाकाच्या सात जणांनीं टिकून राहणें मागितलें. आणि त्यांना तें मिळालें. जेथें बंधु केवळ मेजवानीला हजर राहण्याची अपेक्षा करतो, तेथें मेजवानीच मिळते. म्हणून एखाद्या घरांत मुलाला किंवा मुलीला धाडतांना, त्या घराची गेल्या सत्राची सरासरी किती, हें विचारून पुरेसें होत नाहीं. संध्याकाळीं दिवे लागल्यावर त्या घरांत काय चालतें, हें आधीं विचारावें.