उघडाबोडका

‘उघडा’ आणि ‘नागडा’ हे मराठींतील दोन शब्द परक्या माणसास एकच वाटतील. परंतु त्यांत अंतर मोठें आहे. नागडा म्हणजे विवस्त्र. उघडा म्हणजे धोतर नेसलेला, पण अंगरखा उतरलेला. त्यास ‘बोडका’ हें पद जोडलें, कीं डोक्यावरचें पागोटेंहि उतरलें. घरच्या घरीं, परक्याचा संकोच नसतां, सैलपणें बसलेला गृहस्थ तो ‘उघडाबोडका’.

ही अवस्था शोभते कीं नाहीं, हें स्थळावर ठरे. नांदेड-लातूरचा मुलूख १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यांत होता. त्या दरबारांत दस्तार व बगलूस हा रिवाज. बोडक्या डोक्यानें जाणें ही बेअदबी. नांदेडास सचखंड गुरुद्वारा आहे. १७०८ सालीं गुरु गोविंदसिंग याच नगरीं निवर्तले. त्या वास्तूंत आजहि मस्तक झांकल्यावांचून पाऊल टाकीत नाहींत. उलट सोवळें नेसून पूजेस बसणारा ब्राह्मण अंगरखा व पागोटें दोन्ही उतरून ठेवी. तेथें तोच शिष्टाचार. पण हाच गृहस्थ रस्त्यावर बोडका दिसला, तर शेजारी दचकून विचारीत, ‘घरांत कोणी गेलें काय?’ कारण प्रेतयात्रेस उघड्या डोक्यानें जाण्याची चाल होती.

श्रोतेहो, या शब्दाची दुसरी बाजू इतकी हलकी नाहीं. ‘बोडणें’ म्हणजे मुंडन करणें. पुरुषाचें बोडकेपण पागोटें चढवितांच संपे. स्त्रीचें तसें नव्हतें. ब्राह्मणादि जातींत पति वारल्यावर जिचें केशवपन होई ती ‘बोडकी’. तें तिचें जन्माचें नांव होई, आणि पुढें तर ती शिवीच झाली. आगरकरांनीं १८८८ सालीं सुरू केलेल्या ‘सुधारकां’तून या चालीवर कठोर प्रहार केले. १८९० सालीं नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकारानें मुंबईच्या नाभिकांनीं विधवांचे केस कापण्याचें नाकारलें. शास्त्रीपंडित वचनांचा काथ्याकूट करीत राहिले. वस्तरा ज्यांच्या हातीं होता त्यांनीं तो खालीं ठेवला.

पुढें पागोटें गेलें, केशवपनहि गेलें. शब्द तेवढे उरले. जुन्या पुस्तकांत ‘उघडाबोडका’ आढळला, तर खुशाल हंसावें. ‘बोडकी’ आढळली, तर मात्र वाचकानें क्षणभर थांबावें.