उंदराचे दप्तर

क्लॉड शॅनन या गणितज्ञाने 1950 च्या सुमारास बेल प्रयोगशाळेत ‘थिसियस’ नावाचा जो यांत्रिक उंदीर पंचवीस घरांच्या भुलभुलैयातून धावविला, त्याच्या अंगी स्वतःची अक्कल मुळीच नव्हती. तळाखाली दडलेला चुंबक त्याला ओढून नेई आणि वाटांची स्मृतीही तेथलेच रिले बाळगीत. हा सारा कारभार उंदराच्याच पोटात सामावून दाखवावा, असे आवाहन ‘आयईईई स्पेक्ट्रम’ या नियतकालिकाने 1977 साली केले, आणि मायक्रोमाउस स्पर्धेचा पाया घातला गेला.

1979 साली न्यूयॉर्कला अंतिम फेरी झाली, तेव्हा विचार करणाऱ्या विद्वान उंदरांना मागे टाकून, केवळ भिंतीला चिकटून धावणाऱ्या एका अडाणी यंत्राने वेगात बाजी मारली. त्यात नवल ते काय? प्रवेशाचे आणि निर्गमाचे द्वार जेथे बाहेरच्याच भिंतीत असते, तेथे भिंतीवरचा हात न काढता चालणारा कोणीही बाहेर पडतोच. पोर्टस्मथ पॉलिटेक्निकचे जॉन बिलिंग्जली यांनी हे व्यंग हेरले आणि गंतव्यस्थान मध्यभागी, बाह्य भिंतींपासून तुटलेल्या भिंतींच्या आड नेऊन ठेवले. 1980 साली लंडनला निक स्मिथ यांचा ‘स्टर्लिंग’ हा उंदीर केंद्रापर्यंत पोहोचला, आणि पोहोचल्याचे त्याला उमगलेही!

कोणत्याही मोटारीने केली नसेल एवढी उलथापालथ, माझ्या मते, कायद्यातील या एका दुरुस्तीने केली. कारण आता उंदराला दप्तर ठेवणे भाग पडले. अठरा सेंटिमीटरचे एक, अशी 256 घरे. आरंभी भिंती नाहीतच असे गृहीत धरून प्रत्येक घरावर केंद्रापासूनचे अंतर मांडायचे, नवी भिंत आढळली की तलाठ्याने फेरफार नोंदवावा तशी ती दाखल करून सारे आकडे सुधारायचे, आणि नेहमी कमी आकड्याच्या घराकडे वळायचे. शोधफेरीत जमविलेल्या या नोंदींच्या भरवशावरच मग वेगाची फेरी.

1985 साली त्सुकुबाच्या जागतिक प्रदर्शनात जपान्यांनी ही विद्या पूर्णत्वास नेल्याचे दिसले; पुढे ती पवईच्या आयआयटीतील टेकफेस्टपर्यंतही पोहोचली. उंदीर तिरप्या वाटेने धावू लागले, काहींच्या पोटात जमिनीला घट्ट धरून ठेवणारा पंखाही आला. तरीही फेरीपूर्वी त्यांचे धनी चिकटपट्टीवर चाके घोळवून धूळ काढताना दिसतात. चाक तसूभर घसरले की अंतराचा हिशेब चुकतो, आणि भिंतीची नोंद भलत्याच घराच्या नावे पडते.