पालीची शेपटी आणि माणसाची नस

वाचकहो, मी इतिहास शिकवणारा माणूस. शिवकाल, निजामशाही, हैदराबादचा मुक्तिसंग्राम हे माझे नेहमीचे विषय. तेव्हा आज हा समुद्रातल्या जीवांकडे आणि त्यांच्या मज्जातंतूंकडे कसा वळला, असे तुम्हांला वाटेल. नांदेड-लातूरच्या माणसाचा समुद्राशी संबंध तो काय? आमची गोदावरी आणि मांजरा, तेवढेच आमचे पाणी. पण हा विषय मला एका खाटेपाशी सापडला.

३० सप्टेंबर १९९३ ची पहाट आमच्या भागात कोणी विसरलेले नाही. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गणपती बोळवून गावे झोपली होती. चारला काही मिनिटे कमी असताना किल्लारीच्या परिसरात भूकंप झाला आणि दगडमातीच्या जाड भिंती झोपलेल्या माणसांवर आल्या. सुमारे दहा हजार माणसे गेली. जी वाचली, त्यांच्यांत माझे एक मामा होते. त्यांच्या कमरेवर माळवदाचे लाकूड पडले. मी तेव्हा शाळेत होतो. तेव्हापासून मामांना कमरेखाली काही कळत नाही.

पुढे एका फिरत्या वैदूने ‘नस जोडणारे’ तेल दिले. त्या तेलापायी घरची बैलजोडी गेली, नस काही जुळली नाही. एकदा भिंतीवरच्या पालीकडे बोट दाखवून मामा मला म्हणाले, “मास्तर, हिची शेपटी तुटली तर परत येती. मंग माझी नस का जुळंना?” मी एम.ए. झालेला, पण मला उत्तर देता आले नाही. ते शोधताना मला जो इतिहास सापडला, तो तुम्हांला सांगतो.

हा प्रश्न शास्त्रीय रीतीने विचारणाऱ्यांत एक शिकवणी घेणारा मास्तरही होता. जिनिव्हाचा आब्राहाम ट्रेंब्ली हेगजवळ एका सरदाराच्या दोन मुलांना शिकवीत असे. १७४० साली डबक्यातल्या पाण्यात त्याला हिरवट रंगाचा, पाव-अर्धा इंच लांबीचा एक जीव दिसला. ही वनस्पती की प्राणी, हे त्याला ठरवता येईना. त्याने विचार केला, कापून पाहू. दोन्ही तुकडे जगले तर वनस्पती म्हणायची. नोव्हेंबरात त्याने तो कापला. दोन्ही तुकडे जगले, एवढेच नव्हे तर डोक्याकडच्या भागाला बूड आले आणि बुडाकडच्या भागाला डोके आले. पण मौज अशी की, तो जीव चालत होता आणि भक्ष्यही पकडत होता. म्हणजे तो प्राणीच! त्यालाच पुढे हायड्रा हे नाव पडले. रावणाचे शिर तुटले की नवे येई, ही कथा आपण लहानपणापासून ऐकतो. ती ट्रेंब्लीने काचेच्या पेल्यात प्रत्यक्ष पाहिली. १७४४ साली त्याचा ग्रंथ निघाला. तोवर फ्रान्सच्या किनाऱ्यावर समुद्रफूल आणि तारामासा यांच्यावरही असेच प्रयोग होऊन गेले होते. तुटलेला अवयव नव्याने आणण्याचे सामर्थ्य समुद्रातही मुबलक आहे, असे दिसून आले.

आता तुम्ही म्हणाल, हे झाले क्षुद्र जीवांचे, माणसाचे काय? त्याचा निकाल स्पेनच्या सान्तियागो रामोन इ काहाल या शास्त्रज्ञाने दिला. मज्जासंस्थेच्या रचनेवरील कामासाठी १९०६ चे नोबेल पारितोषिक त्याला गोल्जी यांच्याबरोबर विभागून मिळाले होते. हातापायांतल्या तुटलेल्या मज्जातंतूला नवा कोंब फुटतो. तो दिवसाला साधारण एक मिलिमीटर वाढतो. पण मेंदू आणि मज्जारज्जू यांच्यातला तंतू तुटला, तर कोंब थोडा फुटतो आणि विरून जातो. काहालचा हा निष्कर्ष कठोर होता. तथापि हा नियम बदलता आला तर पुढच्या शास्त्राने बदलावा, अशी वाटही त्याने मोकळी ठेवली.

याच सुमारास आपला एक मराठी माणूस या कथेत येतो. मालवणला १८८४ साली जन्मलेले शंकर पुरुषोत्तम आघारकर मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात शिकवीत होते. सह्याद्रीतल्या, सातारा भागातल्या नद्यांच्या गोड्या पाण्यात त्यांना जेलीफिश सापडला. जेलीफिश म्हणजे समुद्राचा जीव, आणि हायड्राचा भाऊबंद. गोड्या पाण्यातली ही जात तोवर आफ्रिकेपुरतीच ठाऊक होती. कलकत्त्याच्या म्युझियमचे अ‍ॅनंडेल यांनी आपल्याकडच्या जीवाला ‘लिम्नोक्निडा इंडिका’ असे नाव दिले. आघारकर पुढे कलकत्ता विद्यापीठात वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक झाले, आणि १९४६ साली त्यांच्याच पुढाकाराने पुण्यात महाराष्ट्र विज्ञानवर्धिनी उभी राहिली. तिच्या संशोधन संस्थेला १९९२ पासून त्यांचेच नाव आहे.

योग पाहा. जेलीफिशच्या या शोधकाच्या संस्थेत पुढे हायड्रावर काम झाले. डॉ. सुरेंद्र घासकडबी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्यात मिळणाऱ्या हायड्राचे शास्त्रीय वर्णन २०११ साली प्रसिद्ध केले. त्याच्या आदल्या वर्षीचे त्यांचे एक काम तर आपल्या प्रश्नाच्या अगदी जवळचे आहे. नॉगिन नावाचा एक जनुक आहे. बेडकाच्या भ्रूणात मज्जासंस्था घडण्याशी त्याचा संबंध १९९२ साली कळला होता. घासकडबींच्या गटाने जपानी शास्त्रज्ञांबरोबर हायड्रातला नॉगिन वेगळा केला आणि तो बेडकाच्या भ्रूणात घालून पाहिला. तिथेही त्याचे काम बऱ्याच अंशी चालले! ज्याला मेंदू नाही, नुसते मज्जातंतूंचे जाळे आहे, अशा जीवाची किल्ली पाठीचा कणा असलेल्या प्राण्याच्या कुलपाला लागली.

समुद्रातूनही तीच साक्ष आली. २००७ साली एका समुद्रफुलाच्या सर्व जनुकांची यादी तयार झाली. माशीपेक्षा या समुद्रफुलाची जनुकरचना माणसाच्या अधिक जवळची निघाली. आणि लॅम्प्रे नावाचा एक बिनजबड्याचा, वामीसारखा लांब मासा समुद्रात असतो. त्याचा मज्जारज्जू पूर्ण तोडला तरी अडीच-तीन महिन्यांत तो पुन्हा पोहू लागतो. त्या काळात त्याच्या शरीरात कोणते जनुक जागे होतात, याचा तपास अमेरिकेतील शास्त्रज्ञांनी २०१८ साली प्रसिद्ध केला. त्यांतले कित्येक जनुक आपल्यासारख्या सस्तन प्राण्यांच्या शरीरातही आढळतात, आणि हातापायांतला तंतू सांधताना ते कामालाही लागतात.

मग मामांच्या कण्यातच ते गप्प का? याचा एक धागा १९८१ साली मॉन्ट्रियलला हाती लागला. डेव्हिड आणि आग्वायो यांनी उंदरांच्या मज्जारज्जूला पायातल्या मज्जातंतूच्या तुकड्याचा पूल जोडून दिला. मज्जारज्जूतले तंतू त्या पुलातून चांगले वाढत गेले. पूल संपून पुन्हा मज्जारज्जू लागला की जेमतेम थोडे पुढे जाऊन थांबले. म्हणजे बियाणे मेलेले नव्हते, जमीन त्याला उगवू देत नव्हती. जखमेचा वण आणि तंतूंवरच्या वेष्टनातली काही द्रव्ये वाढ रोखतात; शिवाय मोठ्या वयाच्या पेशीचा स्वतःचा जोमही कमी पडतो.

वाचकहो, इतिहासाच्या माणसाने भविष्य सांगू नये. माणसाचा तुटलेला मज्जारज्जू पूर्ववत जोडून देईल असे सिद्ध औषध आजही नाही. जो कोणी ते देतो म्हणेल, त्याला बैलजोडी देऊ नका. व्यायाम, अंगाला जखमा होऊ न देणे, लघवीची निगा, चाकाची खुर्ची, या साध्या गोष्टींनी आयुष्य वाढते आणि सुसह्य होते. आमच्या घरी हे कोणी वेळेवर सांगितले नाही, ही माझी खंत आहे.

गेल्या पावसाळ्यानंतर आमच्या प्राणिशास्त्राच्या सहकाऱ्यांनी तळ्यातल्या पाणवनस्पतीवरून दोन-चार हायड्रा आणून दिले. सूक्ष्मदर्शक घेऊन मी मामांच्या खाटेपाशी गेलो. कापलेल्या हायड्राला तिसऱ्या दिवशी नवे डोके आलेले त्यांना दाखवले आणि मला समजले तेवढे सांगितले. मामा बराच वेळ पाहत राहिले. मग म्हणाले, “म्हंजी किल्ली हाय, दार गंजलंय.”

मी होय म्हणालो. इतक्या वर्षांनी मला त्यांना खरे उत्तर देता आले. ते अपुरे होते, पण मामांनी त्यासाठी काही विकावे लागले नाही.